गाठी किती निघाल्या, आणि कशा निघाल्या?

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. ऐकायला वेळ नसेल तर एसटीत बसल्या बसल्या वाचून काढा.)

हेडफोन लावलेत ना? नसतील तर लावा, कारण आज मी तुम्हाला थोडा गोंगाट असलेल्या जागी नेणार आहे.

आजचा विषय मशीनचा आहे. मशीन जास्तीत जास्त चालवायचं की माल चांगला काढायचा? कारखान्यात काम करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न रोज पडतो. वाळूजला असाल, चाकणला असाल, रांजणगावला असाल, तुमच्या लाइनवर एक बोर्ड असतोच. टार्गेट इतकं, झालं इतकं. आणि त्याच लाइनच्या शेवटी क्वालिटीवाला उभा असतो, तो म्हणतो हे पीस बाजूला काढा. एक म्हणतो पळव, दुसरा म्हणतो थांब. मधे सापडतो ऑपरेटर.

पण मी आज वाळूजची गोष्ट सांगणार नाही. मी सांगणार आहे आमच्या गेवराईची. तिथल्या जिनिंगची. कारण हा सगळा धडा मी शिकलो तो तिथं. आणि खरं सांगायचं तर चूक करून शिकलो.

आधी जिन म्हणजे काय

आपल्याकडचे बरेच ऐकणारे कापसाच्या पट्ट्यातले आहेत, त्यांना हे माहीत आहे. पण पुण्या-मुंबईचे मित्रही ऐकतात, म्हणून दोन मिनिटांत सांगतो.

गेवराई तालुका बीड जिल्ह्यात, गोदावरीच्या काठावर. धुळे-सोलापूर हायवे गावावरून जातो. जायकवाडीचा उजवा कालवा तालुक्यातून जातो, त्यामुळे काही भागात ऊस आहे, पण कापूस म्हणजे आमचं जुनं पीक. दसरा-दिवाळीच्या सुमारास वेचणीला जोर येतो आणि मग हायवेच्या कडेला ट्रॅक्टर, पिकअप, टेम्पोच्या रांगा लागतात. कशासाठी? तर जिनवर कापूस घालायला.

शेतातून येतो तो कापूस म्हणजे रुई आणि सरकी एकत्र. जिनिंगमध्ये ती वेगळी करतात. एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३६ किलो रुई निघते, बाकीची बहुतेक सरकी. रुई प्रेसमध्ये दाबून तिची गाठ बांधतात. एक गाठ १७० किलोची. म्हणजे एका गाठीला जवळपास पाच क्विंटल कापूस लागतो. सरकी तेलाला जाते, ढेप जनावरांना. रुई जाते सूतगिरणीला.

आता मशीन. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी डबल रोलर जिन असतं. त्यात दोन रोलर शेजारी शेजारी, उलट्या दिशेनं फिरणारे. रोलरवर चामड्याच्या चकत्या बसवलेल्या आणि त्यावर तिरप्या खाचा. प्रत्येक रोलरला घासून एक पातं घट्ट बसवलेलं, ते हलत नाही. मधे दुसरं पातं, ते सारखं वर-खाली हलतं. कापसाचा धागा रोलरच्या खडबडीत अंगाला चिकटतो आणि घट्ट पात्याखालून ओढला जातो. सरकी जाड, ती पात्याखाली जाऊ शकत नाही, अडकते. हलणारं पातं तिला टपली मारतं आणि ती सुटून खाली पडते. झालं. रुई एकीकडे, सरकी एकीकडे.

ऐकायला सोपं आहे. पण या टपलीतच सगळी गंमत आहे. टपली हळू बसली तर सरकीला धागा राहतो, रुई कमी निघते. जोरात बसली, किंवा पाती एकमेकांवर जास्त सरकली, तर सरकीच फुटते. फुटलेल्या सरकीचे बारीक तुकडे रुईत जातात. ते सूतगिरणीत सहज निघत नाहीत, सुतात दिसतात, कापडात दिसतात.

माझी पाळी, माझा बोनस

आयटीआय फिटर करून मी गेवराईत एका जिनवर लागलो. नाव सांगत नाही, कारण चूक माझी होती, त्यांची नाही. चोवीस जिन दोन रांगांत. दिवस पाळी, रात्र पाळी. रात्र पाळीचं मशीनचं काम माझ्याकडे.

ऑफिसच्या भिंतीवर काळा फळा होता. त्यावर दोनच रकाने. दिवसाच्या गाठी, रात्रीच्या गाठी. मालक सीझनच्या आधी म्हणाले, "ज्या पाळीच्या गाठी महिन्यात जास्त, त्या पाळीच्या फिटरला बोनस." झालं! वय एकवीस, डोक्यात हवा. मला फळ्याशिवाय काही दिसेना.

दिवस पाळीला एक म्हातारे फिटर होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे. मामांची सवय अशी की ठरावीक तासांनी एकेक जिन बंद करायचं, रोलर तपासायचा, खाचा बोथट झाल्या असतील तर परत पाडून घ्यायच्या, पात्याची जागा बघायची. दिवसाच्या ऐन गर्दीत, बाहेर ट्रॅक्टरची रांग लागलेली असताना, हा माणूस मशीन बंद करून उभा! मला हसू यायचं. मी म्हणायचो, मामा, तुमच्या या तपासण्यातच तुमच्या गाठी चालल्या.

मी काय केलं? दोन गोष्टी केल्या. एक, रात्री मशीन थांबवायचंच बंद केलं. दोन, मोटरची पुली एक साइज मोठी बसवली. स्पीड वाढला. फळ्यावर माझा आकडा वर गेला. महिनाभर मीच पुढे. बोनस मिळाला, त्या पैशातून मोबाइल घेतला. गावात दाखवत फिरलो.

मग एक दिवस सूतगिरणीकडून तक्रार आली. एका लॉटमध्ये सरकीचे तुकडे फार, कचरा फार, रुई पिवळसर. खंडीमागे पैसे कापले. खंडी म्हणजे ३५६ किलो, रुईचा भाव खंडीवर चालतो. मालकांनी गाठींचे नंबर काढले, तारखा जुळवल्या. बहुतेक रात्रीच्या गाठी निघाल्या.

मामा काही बोलले नाहीत. माझ्या रांगेतल्या एका जिनखालून मूठभर सरकी घेऊन आले आणि माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, "बघ बरं." मी बघितलं. निम्म्या बिया चिरलेल्या, आणि काही बियांवर धागा तसाच. म्हणजे एकाच मशीनमध्ये काही ठिकाणी टपली जास्त, काही ठिकाणी कमी. रोलर तापले होते, खाचा गेल्या होत्या, पाती सरकली होती. मशीन पळत होतं, पण काम नीट करत नव्हतं.

आणि वडिलांचा कापूस

हे इथं संपलं असतं तर मी आज बोललोच नसतो. पण त्याच महिन्यात आमच्या घरचा कापूस त्याच जिनवर आला.

आमच्या वडिलांना कुणीतरी सांगितलं होतं की कापूस स्वच्छ वेचला तर भाव बरा मिळतो. म्हणून त्या वर्षी आईनं जुन्या साड्यांच्या झोळ्या शिवल्या, वेचणीला प्लास्टिकच्या गोण्या नाहीत. कवडी वेगळी ठेवली. सकाळचं दव वाळल्यावरच वेचायला सुरुवात. वेचणाऱ्या बायकांना रोज सांगणं, पाला येऊ देऊ नका गं. मजुरी किलोवर असते मंडळी, हळू वेचणाऱ्या बाईला पैसे कमी मिळतात. म्हणून आईनं त्यांना किलोमागे थोडे जास्त दिले.

तो कापूस रात्री माझ्या पाळीत आला. वेगळी गंजी लावायची म्हटलं तर जागा हवी, वेळ हवा, माणसं हवीत. आणि माझी जिनं तर भुकेली. मी म्हटलं, टाका तिकडंच. शेजारच्या ढिगात ओला कापूस होता, फरदडीचा होता, गुटख्याच्या पुड्या असलेला होता. सगळं एक झालं. वडिलांना भावही तोच मिळाला जो रांगेतल्या सगळ्यांना.

घरी आल्यावर वडील म्हणाले, "गाठी किती झाल्या ते रोज सांगतोस. आपल्या कापसाची गाठ कोणती झाली, ते सांग की."

मला सांगता आलं नाही. कारण अशी गाठ झालीच नव्हती.

पुढच्या वर्षी वडिलांनी खताच्या रिकाम्या गोण्या काढल्या. आई म्हणाली, "झोळ्या?" ते म्हणाले, "कामून? कुणासाठी?"

हे मला आजही टोचतं. मशीनवर घाई केली मी, पण तिचा परिणाम शेतापर्यंत गेला. चांगला माल देणाऱ्याला कळलं की चांगल्या मालाची इथं गरज नाही. मग तो कशाला देईल?

ओईई नावाचा आकडा

नंतर मी वाळूजला एका कंपनीत लागलो. मोटारीचे पार्ट बनतात. तिथं पहिल्याच आठवड्यात ट्रेनिंगमध्ये ओईई शिकवलं. तुमच्यातल्या अनेकांनी ऐकलं असेल. जपानमध्ये सेइची नाकाजिमा यांनी टीपीएम म्हणून मशीन सांभाळण्याची जी पद्धत मांडली, त्यातलं हे माप. जगभरात वापरतात.

त्याचा हिशेब तीन आकड्यांच्या गुणाकाराचा. पहिला, मशीन चालायला हवं होतं त्यातलं किती वेळ खरंच चाललं. दुसरा, चाललं तेव्हा ठरलेल्या वेगाच्या मानानं किती वेगानं चाललं. तिसरा, निघालेल्या मालातला चांगला किती. तिन्ही टक्के गुणले की ओईई. ८५ टक्के आला की जगात चांगला कारखाना समजतात.

ट्रेनर शिकवत होते आणि माझ्या डोक्यात गेवराईचा फळा. रूमवर येऊन मी वहीत हिशेब मांडला. आकडे समजायला सोपे घेतलेत, पण गोष्ट तीच.

समजा ठरलेला वेग तासाला ८ गाठी, पाळी १२ तासांची. मामांची पद्धत घेऊ. त्यांनी तपासायला, खाचा पाडायला मशीन थांबवलं. एकूण धावले १०.८ तास, म्हणजे ९० टक्के. वेग ठरलेल्याच्या ९५ टक्के. गाठी किती? १०.८ गुणिले ८ गुणिले ०.९५, म्हणजे साधारण ८२.

आता माझी पद्धत. स्पीड वाढवला, तासाला ९ गाठी. म्हणजे ११२ टक्क्यांच्या वर! पण सुरुवातीचे आठवडे सोडा. रोलर तापायला लागल्यावर जिन तुंबायला लागली, पट्टे घसरायला लागले, एकेक मशीन अचानक बंद पडायला लागलं. धावलं ९ तास. गाठी ८१.

ऐकलंत का? मामा ८२, मी ८१. मी सगळी रात्र घाम गाळून, मशीन झिजवून, एक गाठ मागेच. पहिले काही आठवडे पुढे होतो, कारण मामांनी नीट ठेवलेले रोलर मी खात होतो. ते संपल्यावर उघडा पडलो.

आणि वर भाव. माझ्या ८१ गाठी म्हणजे १३,७७० किलो रुई, म्हणजे साडेअडतीस खंडीच्या आसपास. खंडीमागे समजा ५०० रुपये कापले, तर एका पाळीत १९ हजारांच्या वर गेले. माझा महिन्याचा बोनस त्यात किती वेळा बसला असता, तुम्हीच करा हिशेब.

पण फॉर्म्युलाही फसतो

आता थांबा. तुम्ही म्हणाल, चला, ओईई लावला की प्रश्न सुटला. नाही सुटत. आणि हे कंपनीत कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

तिसरा आकडा बघा. निघालेल्या मालातला चांगला किती. मोटारीच्या पार्टमध्ये सोपं आहे. गेज लावलं, पीस पास की रिजेक्ट. पण गाठ रिजेक्ट होते का? जिनवर कुठलीच गाठ फेकून देत नाहीत. वाईट गाठही विकली जाते, फक्त कमी भावात. म्हणजे जिनमध्ये 'क्वालिटी' कायम शंभर टक्के! मग त्या गुणाकारात उरतं काय? वेळ आणि वेग. फॉर्म्युला जपानचा, आणि निष्कर्ष माझ्या फळ्याचाच: पळव.

म्हणून जिथं माल पास-नापास नसतो, उतरत्या दर्जाचा असतो, तिथं क्वालिटी टक्क्यात मोजू नका. रुपयात मोजा. दूध डेअरी, गूळ, डाळ मिल, ऑइल मिल, सगळीकडे हेच. या लॉटला पूर्ण भाव मिळाला असता तर किती, आणि मिळाले किती. तो फरक गुणाकारात घाला. मग आकडा खरं बोलायला लागतो.

दुसरी अडचण, चूक कळते कधी? गाठ आज बांधली. ती गोडाउनला पडून राहिली, विकली गेली, सूतगिरणीत उघडली. तिथं नमुना तपासला. आज एचव्हीआय मशीनवर धाग्याची लांबी, जाडी, ताकद, कचरा, रंग सगळं कळतं. पण ते कळेपर्यंत आठवडे गेलेले. रात्र पाळीच्या पोराला कसं कळणार की मागच्या महिन्याच्या मंगळवारी त्यानं काय केलं? फळ्यावरचा गाठींचा आकडा मात्र रोज सकाळी दिसतो. जे रोज दिसतं, माणूस त्याच्यामागे धावतो. मीही धावलो.

हे भांडण जुनं आहे

वेग की दर्जा, हे भांडण कापसात फार जुनं आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतल्या एका चित्रात कापूस पिंजण्याआधी सरकी काढण्याचं रोलरचं साधन दिसतं, असं अभ्यासक सांगतात. म्हणजे आपल्या मराठवाड्यातच पंधराएकशे वर्षांपूर्वीचा पुरावा. पुढे हातानं फिरवायची चरखी आली. हळू, पण धाग्याला जपणारी.

मग अमेरिकेत १७९४ साली एली व्हिटनीनं दात्यांच्या जिनचं पेटंट घेतलं. त्यातून आजचं सॉ जिन आलं. गोल करवती धागा ओढून काढतात. वेग प्रचंड. पण ओढाताणीत धागा तुटतो, लांबी कमी होते, गुठळ्या होतात. पुढे १८४० साली फोन्स मॅकार्थीनं रोलर आणि पात्याचं जिन आणलं. आपलं डबल रोलर त्याच घराण्यातलं. सॉ जिनपेक्षा वेग कमी, पण धाग्याची लांबी जपली जाते. म्हणून आजही इजिप्तचा किंवा अमेरिकेतला लांब धाग्याचा भारी कापूस रोलरवरच काढतात. आपल्याकडे साधा कापूसही रोलरवर निघतो. म्हणजे बघा, भारताकडे मशीन दर्जा जपणारं आहे. तेच आपण पुली बदलून पळवतो.

सरकारलाही हे दुखणं कळलं होतं. २००० साली टेक्नॉलॉजी मिशन ऑन कॉटन सुरू झालं. त्याच्या चौथ्या भागात जिनिंग-प्रेसिंग सुधारण्यासाठी मदत होती. कापूस जमिनीवर न पडता पट्ट्यावरून, पाइपातून जावा, फरशीचं अंगण असावं, आपोआप भरणी व्हावी, अशा गोष्टी आल्या. आधी डोक्यावर टोपलं घेऊन बायका कापूस वाहायच्या, जमिनीवर ढीग, त्यात माती, केस, काय वाट्टेल ते. ते बऱ्याच ठिकाणी बदललं. पण मशीन नवं आलं तरी फळा जुनाच राहिला की काय, असा माझा प्रश्न आहे.

मग करायचं काय?

आता कामाच्या गोष्टी. जे जिनवर आहात, त्यांनी तर ऐकाच. बाकीच्यांनी आपापल्या मशीनला लावून बघा.

पहिली गोष्ट, आरपीएम बघून वेग ठरवू नका. रोलरच्या अंगाचा वेग बघा. खाचा पाडून पाडून रोलर बारीक होतो. समजा १८० मिलिमीटरचा रोलर झिजून १५० वर आला. आरपीएम तेवढाच, पण अंगाचा वेग सहाव्या हिश्श्यानं कमी झाला. माल कमी निघतो. फिटरला वाटतं मशीन सुस्त झालं, तो स्पीड वाढवतो, आणि हलणारं पातंही जोरात हलायला लागतं. मग सरकी फुटते. दुखणं रोलरचं, मार सरकीला. रोलर बदला किंवा हिशेबानं जुळवून घ्या, पण कारण कळल्याशिवाय पुलीला हात लावू नका.

दुसरी गोष्ट, ओलावा. कापूस ओला असला की तुंबतो, गुठळ्या होतात, पाला धाग्यात अडकतो. फार कोरडा असला की धागा कडक होऊन तुटतो. आठ टक्क्यांच्या आसपास ओलावा असला की काम चांगलं चालतं. सीसीआय हमीभावानं घेते तेव्हाही ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे १२ पर्यंत कपात, आणि १२ च्या वर घेत नाही. ओलाव्याचं मीटर खिशात मावतं. एक तास ढीग पसरून वाळवला, तर तो तास वाया गेला असं फळ्यावर दिसतं. पण तो पुढच्या तुंबण्याचे दोन तास वाचवतो. आणि वजनासाठी पाणी मारणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. बुरशी आणि पिवळेपणा स्वतःच बोलतात.

तिसरी गोष्ट, अडलंय कुठं ते शोधा. आमच्याकडे जिन पळवून रुईचा ढीग व्हायचा, आणि प्रेस एकच. रुई प्रेसपुढं पडून राहायची. मग जिन पळवून काय मिळालं? सगळ्यात हळू जागा कोणती, ती सांभाळा. बाकीच्यांना तिच्या चालीनं चालू द्या. मोकळ्या वेळात एकेक जिन थांबवून खाचा पाडा. गाठ एकही कमी होणार नाही. मामा हेच करायचे. मला ते थांबणं वाटायचं.

चौथी गोष्ट, सरकी बघा. यासाठी लॅब लागत नाही. तासाला प्रत्येक जिनखालची मूठभर सरकी उचला. शंभर बिया मोजा. फुटलेल्या किती, धागा राहिलेल्या किती. सूतगिरणीचा रिपोर्ट आठवड्यांनी येतो, सरकीचा रिपोर्ट एका मिनिटात. तुमच्या मशीनवरही अशी एक 'सरकी' असेल. लेथवाल्याला चिप दिसते, मोल्डिंगवाल्याला फ्लॅश दिसतो. ती शोधा.

पाचवी, गंज्या वेगळ्या ठेवा. स्वच्छ कापूस वेगळा, ओला वेगळा, फरदड वेगळी. आता तर कस्तुरी कॉटनसारख्या ब्रँडमध्ये गाठीला क्यूआर कोड लावून ती कुठून आली ते दाखवता येतं. पण ढीगच एक केला, तर कोड कशाचा लावणार? प्लास्टिकचा एक दोरा गाठीत गेला तर तो रंग धरत नाही, रंगवलेल्या कापडात पांढरी रेघ येते. तो दोरा शेतातल्या गोणीचा असतो. आणि गोणी का आली, ते मी मघाशी सांगितलंच.

आणि सहावी, माणसं. पळवलेल्या जिनवर धूळ जास्त, आगीचा धोका जास्त. तापलेला रोलर, कापसातला खिळा, एक ठिणगी, आणि समोर रुईचा डोंगर. पट्ट्याशेजारी पदर, ओढणी. मास्क नसला तर फुप्फुसात रुईची धूळ. हे फळ्यावर कधीच येत नाही.

मागच्या सीझनला

मागच्या सीझनला सुट्टीवर गावी गेलो होतो. शहागडचा पूल ओलांडला की गोदावरी दिसते आणि मन घरी पोचतं. जिनवर गेलो. मामा आता येत नाहीत, गुडघे गेलेत. मालकांनी चहा सांगितला. मी धीर करून म्हटलं, शेठ, फळ्यावर अजून दोन रकाने वाढवा. एक, शंभरात फुटलेली सरकी किती. दोन, त्या पाळीच्या गाठींना पूर्ण भावापेक्षा किती कमी मिळाले. आणि बोनस दोन पाळ्यांत भांडण लावून देऊ नका, दोघांना मिळून द्या. कारण दिवसाचा फिटर रोलर नीट ठेवतो, त्याचं फळ रात्रीवाला खातो. मी खाल्लंय.

ते हसले. म्हणाले, "तू बोनस घेतलास तेव्हा नाही सुचलं?" बरोबर होतं त्यांचं. पण सरकीचा रकाना त्यांनी सुरू केला. भावाचा नाही. म्हणाले, "लोकांना भाव कळाला तर मजुरी मागतील." हेही खरं कारण आहे, मी लपवत नाही. दर्जा वाढला तर त्याचा पैसा कुणाकुणाला मिळणार, हे ठरल्याशिवाय दर्जा टिकत नाही. फिटरला, वेचणाऱ्या बाईला, शेतकऱ्याला. नाहीतर सगळे आपापल्या परीनं पळतील, जसा मी पळालो.

वडिलांना हे सगळं सांगितलं. ते ऐकत होते. मग म्हणाले, "आता वेगळी गंजी लावतात का?" मी म्हटलं, विचारलं नाही. ते म्हणाले, "आधी ते विचार. मग झोळ्या काढू."

तर मंडळी, आता तुमची पाळी. तुमच्या लाइनवरच्या बोर्डावर काय लिहिलेलं असतं? फक्त पीस, की अजून काही? आणि जे लिहिलेलं नाही, पण लिहायला हवं, असं काय आहे? व्हॉइस मेसेज करून पाठवा, कंपनीचं नाव घेऊ नका, काम तेवढं सांगा. पुढच्या भागात तुमचेच आवाज लावू. जिनवाले कुणी ऐकत असाल तर खास सांगा, तुमच्याकडे चांगल्या कापसाची गंजी वेगळी लागते का? लागत असेल तर कुठं, ते मला वडिलांना सांगायचंय.

भेटू पुढच्या रविवारी. काळजी घ्या, मशीनची आणि बोटांची पण. राम राम.